वहीच्या दोन्ही बाजू : लेखाशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासाची प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश मिळतो, ही व्यवस्था उदार आहे व योग्यही आहे. परंतु कला, विज्ञान, कृषी अथवा अभियांत्रिकी या शाखांतून आलेल्या विद्यार्थ्याची पहिल्याच सत्रात ज्याच्याशी गाठ पडते, तो वित्तीय लेखांकनाचा विषय त्याच्या धैर्याची परीक्षा पाहणारा ठरतो. पहाटेच्या अंधारात आसनगाव किंवा आटगाव स्थानकावर लोकल धरून, अथवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून जो विद्यार्थी वर्गात येऊन बसतो, त्याच्या कानांवर डेबिट, क्रेडिट, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन हे शब्द अशा सहजतेने पडू लागतात, की जणू ते सर्वांना बाळपणापासूनच अवगत असावेत. शेजारचा वाणिज्य शाखेचा सहाध्यायी मान डोलावतो, अध्यापक पुढे सरकतात, आणि या विद्यार्थ्याच्या मनात असा ग्रह मूळ धरतो, की हा विषय ज्यांच्या घरी पेढी आहे त्यांचा, आपला नव्हे. हा ग्रह चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे त्याच विद्यार्थ्याच्या, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या, मुलखातील उदाहरणांनी पटवून देणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे.

या पुस्तकाने वाचकाकडून वाणिज्याचे पूर्वज्ञान मुळीच अपेक्षिलेले नाही. व्यवहाराचे ज्ञान मात्र पुष्कळ अपेक्षिले आहे. ज्याने खळ्यावर घरच्या भाताचे माप होताना पाहिले, ज्याच्या वडिलांनी मृगाच्या तोंडावर बियाणे व खत उधारीवर आणून सुगीनंतर ती बाकी फेडली, जो आईबरोबर बचत गटाच्या बैठकीस जाऊन बसला, ज्याने तलाठ्याच्या कचेरीतून सातबाराचा उतारा आणून त्यावरील बोजाची नोंद वाचली, किंवा पौषातल्या म्हसा गावच्या यात्रेत बैलजोडीचा सौदा ठरताना विसार किती व उरलेली रक्कम कोणत्या मुदतीने, हे ऐकले, त्याने लेखाशास्त्राचा बहुतेक सर्व कच्चा माल पाहिलेला आहे. उधारी, मुदत, तारण, व्याज, तूट, नफा, भागी यांतले काहीही त्याला नवे नाही. त्याला ठाऊक नसते ती हे सारे कोणत्या क्रमाने लिहावे याची शिस्त. आणि शिस्त ही कोणासही, कोणत्याही वयात, शिकता येते.

हिशेबाची परंपराही या मुलखाला परकी नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून जी वाट सह्याद्री चढून जुन्नरकडे जाते, ती नाणेघाटाची वाट सातवाहनकाळी कल्याण व सोपारा या बंदरांना घाटमाथ्यावरील बाजारपेठांशी जोडणारा मोठा व्यापारी मार्ग होती. आणि त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात, राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला जो ब्राह्मी लेख कोरलेला आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची नोंद गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी अशा तपशिलाने आणि संख्यांसह केलेली आहे. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी कोणा राजकुलाने आपण काय व किती दिले हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अंकांत लिहून ठेवावे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लहान नव्हे. पुढे मराठेशाहीत तर हिशेब हा राज्यकारभाराचा कणाच झाला. अष्टप्रधानांपैकी मुजुमदार म्हणजे अमात्य याच्याकडे राज्याच्या जमाखर्चाची तपासणी असे. आणि पेशवाईत फडणिसाच्या दप्तरात परगण्यापरगण्यांचे आजमास, कमाविसदारांचे हिशेब व त्यांचे गोषवारे दाखल होत. वर्षारंभी वसुलीचा अंदाज बांधावा, वर्षअखेर प्रत्यक्ष जमेशी त्याची रुजवात घालावी, तफावत निघाल्यास अंमलदाराकडून जाब घ्यावा, ही जी पद्धत पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमालांत दिसते, तीच आज व्यवस्थापनाच्या वर्गात अर्थसंकल्पीय नियंत्रण म्हणून शिकविली जाते.

परंतु या परंपरेची एक क्लेशदायक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून या विषयाचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. वही लिहिणारा एक आणि वहीत ज्याचे नाव तो दुसरा, व त्या दुसऱ्यास अक्षर ओळखता येत नाही, अशी स्थिती ज्या समाजात शतकानुशतके राहिली, तेथे हिशेब हे न्यायाचे साधन न राहता जुलमाचे हत्यार झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८१ ते १८८३ या काळात लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कुळकर्ण्याच्या लेखणीवर जो घणाघात केला, त्याचे मूळ या स्थितीत आहे. त्याच्या थोडे आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव झाला व जो भोवतालच्या मुलखात पसरला, त्यात जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जीवितावर नसून त्यांच्या कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. कर्जरोखे हस्तगत करून ते जाळणे हेच त्या उठावाचे मुख्य स्वरूप होते. आपणास न वाचता येणाऱ्या कागदाने आपली जमीन जाते, हे ज्यांना कळून चुकले होते, त्यांना तो कागद नाहीसा करणे एवढाच उपाय दिसला. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा केला, त्यात मात्र अधिक टिकाऊ उपाय होता: ऋणको शेतकऱ्यास प्रत्येक परतफेडीची लेखी पावती मिळावी, त्याने मागितल्यास सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, आणि त्याचे स्वतःचे खातेपुस्तक असावे. वही जाळण्याऐवजी वहीची दुसरी प्रत ऋणकोच्या हाती देणे, हे त्या कायद्याचे मर्म होते.

ठाणे जिल्ह्याला ही कथा दूरची वाटू नये. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवऱ्याने, आणि पुष्कळदा नवराबायको दोघांनी, मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, ही लग्नगड्याची पद्धत याच जिल्ह्यातील आदिवासींच्या वाट्यास आली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली, आणि त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी या भागात लढे दिले. तथापि वेठबिगारीची छाया अद्यापि पुरती सरली नाही. पावसाळा संपताच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. निघताना ती उचल घेतात, भट्टीवर आठवड्याच्या बाजाराला खर्ची घेतात, आणि हंगाम संपताना मालक हिशेब करतो. किती हजार विटा पाडल्या, हजारी दर काय, त्यातून उचल व खर्ची वजा जाता काय उरले, हे सांगणारी वही एकाच्याच हाती असते. पुष्कळदा महिनोन्महिने राबूनही काही उरत नाही, उलट काही 'अंगावर' राहते, व त्या बाकीपोटी पुढचा हंगामही बांधला जातो. व्यवस्थापनाची पदवी घेणाऱ्या ज्या विद्यार्थ्याने असा हिशेब आपल्या पाड्यावर किंवा शेजारच्या पाड्यावर पाहिला असेल, त्याला लेखाशास्त्र हा केवळ गुण मिळविण्याचा विषय आहे असे कोणी सांगू नये.

या पुस्तकाचे प्रतिपाद्य एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: हिशेब म्हणजे दुसऱ्याच्या पैशाबद्दल, श्रमाबद्दल किंवा विश्वासाबद्दल द्यावयाचे उत्तर, आणि ज्याला ते उत्तर द्यावयाचे त्याला ते वाचता व तपासता येत नसेल, तर तो हिशेब कितीही सुबक अक्षरात लिहिलेला असला तरी अपुराच होय. द्विनोंदी पद्धतीचे सारे तंत्र या नैतिक गरजेतून अर्थपूर्ण होते, आणि म्हणूनच ते तंत्र पाठांतराने न शिकता समजून शिकले पाहिजे.

हे तंत्र मुळात सोपे आहे. लुका पाचोली या इटालियन धर्मोपदेशकाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात ते प्रथम मुद्रित स्वरूपात विशद केले. त्याचा शोध त्याने लावला नव्हता, व्हेनिसचे व्यापारी जे आधीपासून करीत होते ते त्याने नीट मांडले. त्याचे सार असे, की प्रत्येक व्यवहारात काही येते व काही जाते, म्हणून प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी व्हावी. आणि कोणत्याही क्षणी धंद्याकडे जी मालमत्ता आहे ती कोणाच्या ना कोणाच्या पैशातून आलेली असल्यामुळे, मालमत्तेची बेरीज ही देणी व मालकाचे भांडवल यांच्या बेरजेइतकीच असली पाहिजे.

एक उदाहरण घेऊन हे जवळून पाहू. मुरबाड तालुक्यातील धसईच्या बाजारपेठेत कोणी तांदळाचे दुकान काढले असे समजा. मालकाने स्वतःचे २,००,००० रुपये घातले व पतसंस्थेकडून दरसाल १२ टक्के व्याजाने १,००,००० रुपये कर्ज घेतले. या ३,००,००० रुपयांतून ६०,००० रुपयांचे काटे, कपाटे व फळ्या घेतल्या, १,८०,००० रुपयांचा तांदूळ भरला, आणि ६०,००० रुपये गल्ल्यात राहिले. मालमत्ता ३,००,०००, देणे १,००,००० व भांडवल २,००,०००, मिळून तेवढेच. आता पहिल्या महिन्यात निम्मा तांदूळ, म्हणजे ९०,००० रुपयांचा माल, १,२०,००० रुपयांस विकला गेला. त्यांपैकी ७०,००० रोख आले व ५०,००० गिऱ्हाइकांकडे उधार राहिले. जागेचे भाडे ६,००० रुपये रोख दिले. महिनाअखेर गल्ला मोजला तर १,२४,००० रुपये भरतात. म्हणजे रोकड ६४,००० रुपयांनी वाढली. मग नफा ६४,००० झाला काय?

तसे नव्हे. विक्री १,२०,००० रुपयांची असली तरी त्यासाठी गेलेला माल ९०,००० रुपयांचा होता, उरले ३०,०००. त्यातून भाडे ६,००० वजा. पतसंस्थेचे महिन्याचे १,००० रुपये व्याज अद्याप दिलेले नसले तरी ते देणे झालेले आहे. म्हणून तेही वजा. काटे-कपाटे पाच वर्षे टिकतील असे धरले तर दरमहा त्यांची १,००० रुपये झीज होते. हा घसारा, तोही वजा. निव्वळ नफा २२,०००. आता ताळेबंद मांडा: रोकड १,२४,०००, येणे उधारी ५०,०००, शिल्लक माल ९०,०००, काटे-कपाटे ५९,०००, एकूण ३,२३,०००. दुसऱ्या बाजूस कर्ज १,००,०००, देणे व्याज १,०००, भांडवल २,००,००० व नफा २२,०००, एकूण ३,२३,०००. दोन्ही बाजू जुळल्या. ज्या विद्यार्थ्याने हे उदाहरण कागदावर स्वतः सोडविले, आणि गल्ल्यात १,२४,००० असताना नफा २२,००० च का, हे दुसऱ्यास समजावून सांगितले, त्याने पहिल्या सत्राचा अर्धा विषय आत्मसात केला असे समजावे. गल्ल्यातली रोकड पाहून नफा झाला असे मानणारा दुकानदार, आणि नफा पाहून रोकड असेलच असे मानणारा संचालक, हे दोघेही एकाच खड्ड्यात पडतात.

याच धसई गावाची निवड डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून झाली होती. आज तर खेड्यातील भाजीवालीच्या टोपलीवरही फोनने पैसे घेण्याची पाटी दिसते. परंतु पैसा नाण्याने आला, नोटेने आला की फोनवरून आला, यामुळे नोंदीचे तत्त्व बदलत नाही. संगणकावर टॅली चालविणाराही हेच तत्त्व वापरतो. यंत्र बेरीज करते, कोणती रक्कम कोणत्या खात्यात घालावयाची हा निर्णय माणसालाच करावा लागतो, आणि तो चुकला तर यंत्र चुकीचा ताळेबंद निमूटपणे जुळवून देते.

जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) यांविषयी नवशिक्याचा जो गोंधळ होतो, त्याचे कारण बहुधा बँकेचे पासबुक असते. बँकेत दहा हजार रुपये भरले की पासबुकात ते जमा दिसतात. मग वर्गात बँक खात्यास ते नावे लिहावयास सांगतात, आणि विद्यार्थी चक्रावतो. येथे एवढेच ध्यानात घ्यावे, की पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. बँक तुमचे दहा हजार देणे लागते, म्हणून तिच्या वहीत तुमच्या खात्यास ते जमा. तुमच्या वहीत बँक ही तुमची ऋणको, म्हणून तिच्या खात्यास ते नावे. एकच व्यवहार दोन वह्यांत दोन बाजूंनी दिसतो, आणि दोन्ही वह्या खऱ्या असतात. आपल्या जुन्या देशी कीर्दीत जमेची बाजू डावीकडे व नावेची उजवीकडे असे, तर इंग्रजी धर्तीच्या खात्यात नावे डावीकडे असते. घरी आजोबांची वही पाहिलेल्या विद्यार्थ्याने बाजूवर न जाता तत्त्वावर लक्ष ठेवावे.

तंत्राइतकाच विवेक शिकविणारा भाग म्हणजे भांडवली व महसुली रकमांतील भेद. शहापूर तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या मार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या खात्यांत मोबदल्याच्या मोठ्या रकमा जमा झाल्या. या रकमेस उत्पन्न म्हणावे काय? लेखाशास्त्र स्पष्टपणे सांगते, की नाही. पूर्वी जमिनीच्या रूपाने जी मालमत्ता होती, तीच आता पैशाच्या रूपाने आहे. ताळेबंदात एका ओळीतील रक्कम दुसऱ्या ओळीत गेली, आणि जमिनीच्या नोंदलेल्या किमतीपेक्षा अधिक मिळाले असेल तर तेवढाच काय तो लाभ. जमीन दरवर्षी भात देत होती, ते उत्पन्न होते. मोबदला एकदाच येतो, तो भांडवल आहे. जे कुटुंब तो उत्पन्न समजून लग्नकार्यात व गाडीत घालते, ते आपला ताळेबंद आपल्या हातांनी रिकामा करते. आणि जे त्यातून दुसरी जमीन, व्यवसाय किंवा ठेव उभी करते, ते भांडवल राखते. हा एक भेद जरी या पुस्तकाच्या वाचकाने आपल्या घरी समजावून सांगितला, तरी त्याच्या पदवीचे सार्थक झाले.

काळाचा हिशेब हा याहून थोडा सूक्ष्म भाग. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले आणि ते आजही मुंबईला पाणी पुरविते. अशा कामाचा सारा खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षावर टाकला, तर त्या वर्षाचा हिशेबही खोटा आणि पुढील सर्व वर्षांचा हिशेबही खोटा. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूची किंमत तिच्या उपयोगाच्या वर्षांवर वाटून द्यावी लागते. भाताच्या गोदामात हाच प्रश्न उलट्या रूपाने येतो. आदिवासी विकास महामंडळ आधारभूत दराने भात खरेदी करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण भाताचा दर क्विंटलला २,३६९ रुपये होता. समजा १०० क्विंटल भात या दराने घेतले, तर किंमत २,३६,९०० रुपये. भात वाळते, आणि भरडाईला देताना काट्यावर ९८ क्विंटलच भरले, तर दर क्विंटल भाताची खरी किंमत २,४१७ रुपयांच्या घरात जाते. दोन क्विंटल भात कोणी चोरले नाही, तरी ते गेले. आणि जो हिशेबनीस ही तूट स्वतंत्रपणे दाखवीत नाही, तो नैसर्गिक घट व गैरव्यवहार यांतील भेद पुसून टाकतो. प्रामाणिक गोदामपालास वाचविणारी व लबाडास उघडे पाडणारी जी नोंद, ती एकच असते.

ही विद्या समूहाच्या हाती आली म्हणजे काय घडते, याचे पाठही येथे आहेत. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांचे नाव स्वातंत्र्यलढ्यासाठी घेतले जाते. परंतु त्यापूर्वी माथेरान-कर्जत परिसरात त्यांनी शेतकऱ्यांसाठी शाळा व धान्यपेढ्या चालविल्या होत्या, हेही तितकेच स्मरणीय आहे. अडीअडचणीस धान्य उसने द्यावयाचे व सुगीस परत घ्यावयाचे, ही संस्था पैशाशिवाय चालू शकते, पण वहीशिवाय एक हंगामही चालत नाही. आज हेच काम महिलांचे बचत गट करीत आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड व अद्ययावत लेखे, ही त्यांची पंचसूत्री. आणि पहिली चार सूत्रे पाचव्याच्या आधारावर उभी असतात, कारण लेखे मागे पडले की परतफेड मागे पडते व मग बैठकच होत नाही. शहापूरच्या वनधन केंद्रातून कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून, चूर्ण करून विकण्याचा जो उद्योग उभा केला, त्यातही रानातून आलेल्या ओल्या मालाचे वजन, वाळल्यावरचे वजन आणि प्रत्येकाची मजुरी यांची नोंद हाच त्यांच्या एकीचा आधार राहणार. आणि ८ मार्च २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे जी आजीबाईंची शाळा सुरू झाली, जेथे आयुष्यभर अंगठा उठविलेल्या वृद्धा आपली सही करावयास शिकल्या, तिचे मोल लेखाशास्त्राच्या अभ्यासकाने सर्वांत आधी जाणले पाहिजे. कारण अंगठा केवळ माणूस हजर होता एवढेच सांगतो, तर वाचून केलेली सही त्याने काय मान्य केले हे सांगते.

या शास्त्राची मर्यादाही आरंभीच सांगितली पाहिजे. ज्याची किंमत पैशात ठरते तेच ताळेबंदात येते. जे ठरत नाही ते कितीही खरे असले तरी वहीबाहेर राहते. तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी याच परिसरातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना टँकरची वाट पाहत बसावे लागते. धरणाची भिंत, जलवाहिन्या, पाणीपट्टी हे सारे कोठे ना कोठे लेख्यात आहे. पण त्या स्त्रीचे डोक्यावर हंडा घेऊन चाललेले अंतर कोणाच्याही खात्यास नावे पडलेले नाही. हिशेब जुळला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. उत्तम व्यवस्थापक तो, जो ताळेबंद अचूक वाचतो आणि ताळेबंदात काय नाही हेही विचारतो.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात रोजकीर्द व खतावणी (लेजर), दुसऱ्यात तेरीज (ट्रायल बॅलन्स), नफातोटा पत्रक व ताळेबंद, तिसऱ्यात तयार लेखे वाचण्याची रीत, आणि चौथ्यात सहकारी संस्था, बचत गट व शेतकरी उत्पादक कंपनी यांचे लेखे आहेत. मराठी संज्ञांबरोबर वर्गात चालणाऱ्या इंग्रजी संज्ञाही दिल्या आहेत, कारण परीक्षा व नोकरी त्या भाषेत होणार आहे. प्रत्येक प्रकरणाची उदाहरणे कागदावर, पेन हाती घेऊन सोडवावीत. केवळ वाचून हा विषय कोणालाही आलेला नाही. तेरीज जुळली नाही तर उत्तर पाहू नये, चूक शोधावी. त्या शोधण्यातच शिक्षण आहे.

शेवटी वाचकास एक विनंती आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदास आपल्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि संस्थेशी झालेल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. तुमच्या गावात विविध कार्यकारी सेवा सोसायटी किंवा पतसंस्था असेल, आणि तुमच्या घरातील कोणी तिचा सभासद असेलच. हे पुस्तक पुरे झाल्यावर त्यांच्याबरोबर त्या कार्यालयात जा, ताळेबंद मागा, येणे कर्जाची व बुडीत कर्जासाठी ठेवलेल्या तरतुदीची ओळ शोधा, आणि सप्टेंबरअखेरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेत तिच्याविषयी एक प्रश्न नम्रपणे विचारा. पदवीचे गुण विद्यापीठ देईल. या विषयाची खरी परीक्षा त्या सभेत आहे, आणि तिला शहापूर व मुरबाडच्या प्रत्येक पदवीधराने बसावे.